केगावचं विद्यापीठ उभं राहण्याआधी: सोलापुरातल्या विज्ञान संशोधनाची पार्श्वभूमी

सोलापुरातून पुणे महामार्गाने बाहेर पडलं की केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं आवार लागतं. याच केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे. विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ची, डाळिंब केंद्राची २००५ची. आज इथे एम.एस्सी.ला येणाऱ्या मुलामुलींना हा शेजार सवयीचा असतो. पण या जिल्ह्यात संशोधन आणि उच्च शिक्षण यांच्या वाटा कितीतरी वर्षं वेगळ्या होत्या, आणि केगावच्या प्रयोगशाळांत आज काय मिळतं नि कशासाठी बाहेर जावं लागतं, याचं बरंचसं उत्तर त्या जुन्या ताटातुटीत आहे.

संशोधन आधी आलं, आणि ते दुष्काळामुळे आलं. पाऊस लहरी, जमीन काळी, भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. अशा मुलखात पीक हाती लागावं म्हणून १९३३मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. देशात त्या सुमाराला निवडलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक, विजापूर दुसरं. बांधबंदिस्तीने पाणी शिवारातच कसं मुरवायचं, पेरणीतलं अंतर किती ठेवायचं, कोळपणी केव्हा आणि किती वेळा करायची, हे इथे वर्षानुवर्षं मोजून पाहिलं गेलं. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘एम ३५-१’ हा वाण तयार झाला. पुढची कित्येक दशकं रब्बी ज्वारीत या वाणाला तोड निघाली नाही. माझ्या मते सोलापूर जिल्ह्याने विज्ञानाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, आणि आपल्या पदवीच्या वर्गात ती पुरेशी शिकवली जात नाही याचं वाईट वाटतं. १९७०मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, त्यातही सोलापूर होतं.

महाविद्यालयं त्यानंतरची. दयानंद १९४०चं, संगमेश्वर १९५३चं, वैद्यकीय महाविद्यालय १९६३चं. पदवी मात्र कायम परगावची. आधी मुंबई विद्यापीठाची, १९४९पासून पुण्याची आणि १९६२मध्ये शिवाजी विद्यापीठ झाल्यावर कोल्हापूरची. कोल्हापूर सोलापूरपासून दोनशे किलोमीटरांहून लांब. गिरणी कामगाराच्या किंवा विडी कामगाराच्या घरातल्या मुलीने बी.एस्सी. केलं तरी पुढे होस्टेलचा खर्च कोण करणार, या प्रश्नापाशी शिक्षण थांबायचं. शिवाजी विद्यापीठाने सोलापुरात पदव्युत्तर केंद्र काढलं, ते म्हणूनच महत्त्वाचं. जुने विद्यार्थी अजूनही त्याला ‘पीजी सेंटर’च म्हणतात. २००४चं विद्यापीठ त्या केंद्रातूनच उभं राहिलं, फक्त एका जिल्ह्यापुरतं. २०१९मध्ये त्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं.

पीजी सेंटरकडून विद्यापीठाला वारशात काय मिळालं, हे पदार्थविज्ञान विभागात चांगलं दिसतं. इथे पातळ थरांवर, म्हणजे थिन फिल्मवर, जुन्या काळापासून काम झालं आहे. पद्धत रासायनिक: बीकरमधल्या द्रावणात काचपट्टी बुडवायची, तापमान, पीएच आणि वेळ सांभाळायची, की पट्टीवर कॅडमियम सल्फाइडसारख्या अर्धवाहकाचा थर हळूहळू चढतो. सौरघटांसाठी असे थर उपयोगी असतात. यासाठी महागडी निर्वात यंत्रणा लागत नाही, म्हणूनच कमी पैशांच्या प्रयोगशाळेत ही पद्धत रुजली. अडचण पुढे यायची. थर बनवायचा आपण, पण त्याची स्फटिकरचना एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरणांच्या यंत्रावर, बघायची किंवा पृष्ठभागाचा फोटो एसईएमवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, काढायचा तर सॅम्पल कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबईला पाठवायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. मोठी उपकरणं सामायिक सुविधा केंद्रांत ठेवण्याची आपल्याकडची रीत आहे, त्यामुळे हे सगळ्याच छोट्या विद्यापीठांच्या वाट्याला आलं. प्रवेश घेताना विद्यार्थ्याने इमारतींपेक्षा ही चौकशी आधी करावी: कोणतं उपकरण आवारात चालू आहे, ते कोण चालवतं, एम.एस्सी.च्या मुलांना त्यावर हात ठेवू देतात का.

दुसरा तिढा अधिकारक्षेत्राचा. कोरडवाहू जिल्ह्याचं हे विद्यापीठ, पण इथलं कृषी संशोधन राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे, तर वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे. सगळी कामं एकाच शहरात, पण तीन-चार छत्रांखाली. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला डाळिंबाच्या सालीतल्या घटकांवर काम करायचं असेल, किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जिवाणूवर, तर गाईडने स्वतः शेजारच्या संस्थेचं दार ठोठवावं लागतं. जिथे असे शिक्षक आहेत तिथे कामं झाली आहेत.

विषयांची इथे वानवा नाही. बेसाल्ट या काळ्या खडकातलं भूजल हा उपयोजित भूगर्भशास्त्राचा जिव्हाळ्याचा प्रश्न, कारण जिल्ह्यातली विहीर कोणत्या थराला लागते यावर गावाचा उन्हाळा अवलंबून. नान्नजचं माळरान १९७९मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोक आता दिसेनासा झाला असला तरी गवताळ प्रदेशाचा अभ्यास संपलेला नाही. २०१८ आणि २०१९मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने कृत्रिम पावसाचा प्रयोग केला तोही सोलापूर परिसरातच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले ढग पाऊस पाडताना कुठे अडतात हे तपासायला याहून चांगली जागा कोणती असणार! शिवाय मंगळवेढ्याची ज्वारी आहे, सोलापूरचं डाळिंब आहे, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०२३-२४पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती आणि संशोधन प्रकल्प आणले आहेत. पूर्वी प्रोजेक्ट बहुतेकदा शेवटच्या सत्रात घाईने उरकला जायचा, आता पहिल्या वर्षापासून विषय डोक्यात ठेवता येतो. पीएच.डी.साठी नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी फेलोशिप, नसली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, आणि जिल्ह्यातल्या अनेक घरांतली पहिली पीएच.डी. अशाच पैशांवर होते. फेलोशिपचा हप्ता वेळेवर मिळणं हीसुद्धा प्रयोगशाळेइतकीच संशोधनाची सोय आहे, आणि विद्यार्थी संघटना त्यासाठी मोर्चे काढतात ते योग्यच आहे.