हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं कसं?

लोखंडही ऑक्सिजन धरतं, पण एकदा गंज चढला की तो ऑक्सिजन परत मिळत नाही. हिमोग्लोबिनमध्ये लोहच असतं, तरी ते फुप्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि स्नायूपाशी गेल्यावर सोडून देतं. हे सोडणं समजायला शास्त्रज्ञांची शंभरेक वर्षं गेली.

1864 साली जर्मनीत होप्पे-झायलर यांनी या रंगद्रव्याचं हिमोग्लोबिन असं नामकरण केलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी दाखवलं की रसायन घालून ऑक्सिजन काढून घेतला की रक्ताचा वर्णपट (ते प्रकाशातले कोणते रंग शोषतं त्याचा पट्टा) बदलतो, आणि द्रावण हवेत हलवलं की पूर्ववत होतो. ऑक्सिजनची ये-जा होते हे ठरलं. ऑक्सिजनच्या कुठल्या दाबाला हिमोग्लोबिन किती ऑक्सिजन धरतं, हा हिशेब मात्र चुकत राहिला. 1890च्या सुमारास ह्यूफनर यांनी मांडलेला आलेख सुरुवातीलाच झपकन चढणारा साधा वक्र होता. तो खरा असता तर पेशींजवळचा दाब अगदी तळाला गेल्याशिवाय ऑक्सिजन सुटलाच नसता.

1904 मध्ये कोपनहेगनला क्रिस्टियन बोर (अणूवाल्या नील्स बोर यांचे वडील), हासेलबाल्क आणि क्रोग यांनी आलेख नव्याने काढला, तो एस अक्षरासारखा वळणदार निघाला. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याचे सुमारे 100 मिलिमीटर, तिथे हिमोग्लोबिन जवळजवळ भरलेलं. विश्रांतीतल्या पेशींजवळ 40, तिथे सुमारे 75 टक्के. दाब आणखी उतरला की मात्र भराभर रिकामं होतं. कार्बन डायऑक्साइड वाढवला तर अख्खा आलेखच उजवीकडे सरके, म्हणजे त्याच दाबाला ऑक्सिजन जास्त सुटे. असं का, हे तेव्हा कोणालाच सांगता येईना.

अडेर यांनी 1925 मध्ये रेणूत चार लोह-अणू असल्याचं दाखवलं. एकाला ऑक्सिजन चिकटला की बाकीच्यांना त्याची खबर लागते, असं आलेखाच्या वळणावरून दिसत होतं. पण कशी? मला यातला सगळ्यात देखणा पुरावा 1938चा वाटतो. प्रागमध्ये हाउरोव्हिट्झ सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे षट्कोनी स्फटिक बघत होते. काचेच्या कडेने हवा आत शिरली, तसे ते स्फटिक मोडले आणि त्यांच्या जागी लाल सुया उगवल्या. ऑक्सिजन आला की रेणू आकारच बदलतो, हे असं डोळ्यांदेखत घडलं.

हाउरोव्हिट्झ यांच्याच सल्ल्याने या रेणूकडे वळलेले पेरुट्झ केंब्रिजमध्ये वर्षानुवर्षं क्ष-किरणांनी त्याचा नकाशा काढत बसले. 1962चं नोबेल मिळालं, तरी यंत्रणा त्यांनी मांडली 1970 मध्ये. रिकाम्या अवस्थेत लोह-अणू हीमच्या (त्याला मधोमध धरणाऱ्या चपट्या कड्याच्या) पातळीच्या किंचित बाहेर असतो. ऑक्सिजन चिकटला की तो आत सरकतो, अंतर एका अँगस्ट्रॉमहूनही (मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाहूनही) कमी. पण जोडलेली प्रथिनाची साखळी त्याच्याबरोबर ओढली जाते आणि रेणूच्या चार भागांना एकत्र आवळणारे विद्युतभारांचे बंध तुटतात. उरलेल्या जागांना ऑक्सिजन मग सहज बसतो. यातले काही बंध हायड्रोजन आयन मिळाले तरच टिकतात. कार्बन डायऑक्साइडने रक्त किंचित आम्ल झालं की ते पुन्हा जुळतात, आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. बोर यांचा आलेख उजवीकडे का सरकत होता, ते असं 66 वर्षांनी कळलं.