तिसरी घंटा, जॅमर आणि दारावरचा माणूस

मुंबईतले ग्रँट रोडचे नाटकगृह १८४६ चे. सांगलीच्या मंडळींनी तिथे १८५३ मध्ये मराठी खेळ केले. पुढे संगीत नाटकांच्या काळात खेळ रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगत. एका रात्रीला एकच खेळ, त्यामुळे सेट काढण्याची घाई कुणाला नव्हती. त्या काळाची एक खूण अजून टिकून आहे. पडद्यामागच्या माणसाला प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशाला आजही ‘नाइट’ म्हणतात, मग प्रयोग सकाळी ११ चा का असेना.

घाई सुरू झाली ती नाट्यगृहाचा दिवस सत्रांत वाटला गेल्यावर. १९६५ मध्ये दादरचे शिवाजी मंदिर उघडले, मग पार्ले, मुलुंड, बोरिवली अशी नाट्यगृहे होत गेली आणि शनिवार-रविवारी एकाच रंगमंचावर तीन वेगळी नाटके लागू लागली. आज पुढच्या (तिकीट आणि प्रेक्षकांच्या) आणि मागच्या (रंगमंचाच्या) बाजूत जे खटके उडतात, त्यातले बहुतेक इथून आले आहेत.

दुपारी ४ चे, मध्यंतरासह पावणेतीन तासांचे नाटक घ्या. तिसरी घंटा, म्हणजे पडदा उघडण्याआधीची शेवटची, वेळेवर झाली तर पावणेसातला पडदा पडतो. सेट काढून रंगमंच मोकळा व्हायला साडेसात वाजतात. मग रात्री साडेआठच्या नाटकाच्या लेव्हल (उंच चौथरे) लागतात, त्यावर फ्लॅट (सेटच्या उभ्या भिंती) उभे राहतात, बिजागऱ्यांत पिना जातात, मागे आधार आणि वजने येतात. फ्लॅट उभे राहिल्याशिवाय दिवे फोकस करता येत नाहीत. त्यातही प्रेक्षागृहाच्या छताला टांगलेले समोरचे स्पॉट लावायचे तर दर्शनी पडदा उघडा हवा, म्हणजे प्रेक्षकांना आत सोडता येत नाही. दुपारच्या नाटकाने १५ मिनिटे उशीर केला, की ती १५ मिनिटे प्रकाशयोजनेच्या वेळातून कापली जातात. बाहेर रांग वाढते, जुलैत ती पावसात उभी राहते, आणि दारावरच्या माणसाला बोलणी खावी लागतात. चूक दुपारच्या सत्रात झालेली असते, तिचा भुर्दंड रात्रीच्या सत्राला.

म्हणून तिसरी घंटा कुणाच्या शब्दावर द्यायची हा प्रश्न मानापमानाचा नाही, घड्याळाचा आहे. तिकीट खिडकीवरचा व्यवस्थापक निरोप पाठवतो, ‘अजून माणसं येताहेत, पाच मिनिटं थांबा.’ हे थांबणे कुठल्या सत्रात परवडते, ते पुढचा सेट किती जड आहे यावर ठरवायला हवे.

खिडकीवरचा आसनांचा कागदी प्लॅन, त्यावर पेन्सिलीने खोडलेल्या खुर्च्या, ही पद्धत सगळ्यांच्या परिचयाची. ऑनलाइन विक्री आली तेव्हा तिचा कोटा प्लॅनवर वेळेत खोडला नाही की एकच खुर्ची दोघांना विकली जाई. यावरचा जुना उपाय अजून चालतो: चार-सहा खुर्च्या शेवटपर्यंत न विकता हाताशी ठेवायच्या.

सर्वांत जास्त वाद झाला तो मोबाइलवरून. टूजी फोनचा त्रास वाजण्याच्या आधीच सुरू होई. फोन सायलेंटवर असला तरी कॉल येण्याच्या क्षणी त्याचे रेडिओ स्पंद माइकच्या केबलमध्ये शिरत आणि स्पीकरमधून ‘टर्र-टर्र’ ऐकू येई. विंगेत उभ्या असलेल्या नटाच्या खिशातला फोनही हेच करी, आणि दोष मात्र प्रेक्षकांना मिळे. नीट शिल्ड केलेल्या केबल आणि पुढच्या पिढीचे फोन आल्यावर ते कमी झाले. रिंगटोन मात्र राहिली.

२०१९ मध्ये प्रयोगात फोन वाजत राहिल्याने नटांनी प्रयोग थांबवल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबईत पालिकेच्या नाट्यगृहांत जॅमर (फोनचे नेटवर्क अडवणारी यंत्रे) बसवण्याचा प्रस्ताव पुढे आला. कलाकारांचा संताप रास्तच होता. पण जॅमर हा उपाय चुकीच्या जागी बसतो. टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या लहरींच्याच पट्ट्यात तो गोंगाट सोडतो, त्यामुळे फोनला टॉवर ऐकू येत नाही. हा गोंगाट भिंतीपाशी थांबत नाही. मुंबईत नाट्यगृहाला खेटून दुकाने, घरे, दवाखाने असतात. म्हणूनच केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर लावता येत नाही. प्रेक्षकांत ड्युटीवरचे डॉक्टर असतात. कुणाला चक्कर आली तर १०८ ला फोन लावावा लागतो. आणि एवढे करून फोनमधला गजर वाजतोच, स्क्रीनचा उजेड पडतोच, चोरून चित्रीकरणही होतेच. पाचव्या रांगेतल्या त्या निळसर उजेडाने नट जितका विचलित होतो, तितका तो कधीकधी आवाजानेही होत नाही.

त्यापेक्षा निवेदनाची जागा बदलणे स्वस्त आणि परिणामकारक. अंधार झाल्यावर ‘मोबाइल बंद ठेवा’ म्हटले की शंभर स्क्रीन एकदम उजळतात आणि पहिला प्रवेश त्या उजेडात सुरू होतो. तेच निवेदन दुसऱ्या घंटेनंतर, प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण असताना करायचे, पुढे २० सेकंद काहीच बोलायचे नाही, आणि मग तिसरी घंटा. उशिरा येणाऱ्याला दारावरच्या माणसाने फोन बंद करायला लावूनच आत घ्यायचे, टॉर्च जमिनीकडे धरून.

नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये नाट्यगृहे ५० टक्के आसनक्षमतेवर उघडली, तेव्हा दारावरच्या याच माणसावर एकाआड एक खुर्ची राखण्याचे काम आले. आता तिकीटही फोनवर असते. म्हणजे जो फोन आत बंद हवा, तोच दारात चालू हवा, नेटवर्कसह. जॅमर लावला असता तर रांग तिथेच अडली असती. तिकिटाचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवायला सांगणारा फलक पायऱ्यांपाशी लावला, तर दारावरची खोळंबण्याची वेळ टळते.