डिस्चार्ज की डिसमिस? पेन्शनच्या तोंडावर फौजेतून निघालेल्या जवानाचं गणित

गावात बातमी एकाच वाक्यात येते: अमक्याला फौजेतून काढून टाकलं. घरच्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न पेन्शनचा असतो आणि ‘काढून टाकलं’ एवढ्यावरून त्याचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी कागदावरचा क्रमांक बघावा लागतो. आर्मी रूल १३ लिहिलं असेल तर तो डिस्चार्ज, म्हणजे सेवामुक्ती. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम २० आणि त्यासोबत आर्मी रूल १७ असेल तर मामला डिसमिसलचा, म्हणजे बडतर्फीचा.

गोंधळ होतो तो दोन्ही वाटा दिसायला सारख्या असल्यामुळे. शिक्षांच्या नोंदींमुळे होणारा डिस्चार्ज रूल १३ च्या तक्त्यात ‘इतर सर्व प्रकारचे डिस्चार्ज’ या सदरात बसतो आणि त्यावर ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरची सही लागते. कलम २० खाली शिपाई, नाईक, हवालदार यांना बडतर्फ करण्याचा अधिकारही ब्रिगेड कमांडरपर्यंत खाली आलेला आहे. दोन्हीकडे आधी कारणे दाखवा नोटीस येते आणि तिच्यात त्याच जुन्या शिक्षांची यादी असते. परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आधी पेन्शनची रेषा. शिपायापासून जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) पर्यंत सर्व्हिस पेन्शनसाठी १५ वर्षांची पात्र सेवा लागते. पूर्ण पेन्शनसाठीचं ३३ वर्षांचं गणित २००६ पासून निघालं, त्यामुळे पंधरा वर्षं भरली की पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या वेतनाच्या निम्मी पेन्शन. पंधरा भरली नाहीत आणि कमतरता माफही झाली नाही, तर महिन्याला शून्य; पाच वर्षांच्या वर सेवा असेल तर एकरकमी सर्व्हिस ग्रॅच्युइटी. मध्ये पायऱ्या नाहीत. म्हणून साडेचौदा वर्षांवर आलेली नोटीस नवव्या वर्षी आलेल्या नोटिशीपेक्षा कितीतरी जड असते.

डिस्चार्ज झाला म्हणून मागच्या सेवेला धक्का लागत नाही. १९६१ च्या पेन्शन नियमावलीतला नियम ११३ इथे महत्त्वाचा (२००८ च्या नव्या नियमावलीत तीच तरतूद वेगळ्या क्रमांकाने आहे): डिस्चार्ज झालेला जवान पेन्शन किंवा ग्रॅच्युइटीला पात्र राहतो. सोळा वर्षं झालेल्याचा डिस्चार्ज झाला तर उरलेल्या वर्षांचा पगार आणि पुढची बढती जाते, पेन्शन मिळते. सगळी ओढाताण रेषेच्या अलीकडे असलेल्यांची.

ही वेळ बहुतेकदा लाल शाईच्या नोंदींमुळे येते, ज्यांना जवान रेड एन्ट्री म्हणतात. आर्मी ॲक्टच्या कलम ८० खाली सीओ, म्हणजे युनिटचा कमांडिंग ऑफिसर, २८ दिवसांपर्यंत कैद किंवा डिटेन्शन देऊ शकतो. अशा मोठ्या शिक्षा जवानाच्या सेवा-नोंदीवर, म्हणजे शीट रोलवर, लाल शाईने चढतात. त्यांतल्या पुष्कळशा रजा संपूनही वेळेवर न परतल्याच्या असतात. चार झाल्या की घरी, असा समज युनिटातही पक्का असतो. तो चुकीचा आहे. सेना मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की चार नोंदी झाल्या म्हणून डिस्चार्ज सक्तीचा होत नाही. प्रत्येक नोंद कशाबद्दल आहे ते सीओने बघावं, आणि जवान पेन्शनच्या जवळ आला असेल तर विशेषतः कठोर होऊ नये. लांब सेवा, खडतर ठिकाणच्या पोस्टिंग, राहणीमानाचे हाल हेही विचारात घ्यायचे. त्याआधी निष्पक्ष चौकशी झाली पाहिजे. ती कोर्ट ऑफ इन्क्वायरीच (फौजेतली औपचारिक चौकशी) असावी असं नाही, पण जवानाला बाजू मांडायला आणि पुरावा द्यायला खरी संधी मिळायला हवी.

वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे परिपत्रक पाळणं बंधनकारक ठरवलं. चौकशीशिवाय, नुसत्या नोंदी मोजून केलेला डिस्चार्ज रद्द झाला. पेन्शनपुरती सेवा पूर्ण होईपर्यंत तो नोकरीतच होता असं मानलं गेलं. मागचा पगार मात्र दिला नाही. उलट २०१९ मध्ये सतगुर सिंग प्रकरणात प्रक्रिया पाळल्याचं दिसलं आणि डिस्चार्ज टिकला. थोडक्यात, नोंदी किती यापेक्षा चौकशीचा कागद आहे की नाही यावर निकाल फिरतो.

थोडी कमतरता असेल तर दोन दारं उघडी असतात. एक, कमतरतेची माफी. १९६१ च्याच नियमावलीतल्या नियम १२५ खाली ती सहा महिन्यांपर्यंत होती, २००१ मध्ये बारा महिन्यांपर्यंत वाढली. दुसरं, अपूर्णांकाचं गणित: तीन महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण अर्धवर्ष धरला जातो. सुरेंदर सिंग परमार या नौसैनिकाची सेवा १३ वर्षं १० महिन्यांची होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती १४ वर्षं धरली (दहा महिन्यांतले सहा म्हणजे एक अर्धवर्ष, उरलेले चार म्हणजे दुसरं), उरलेलं एक वर्ष माफीत बसवलं आणि पेन्शन दिली.

इथे एक सापळा आहे. ‘रेड एन्ट्रीवर निघण्यापेक्षा स्वतःच अर्ज कर, इज्जतीत जाशील’ असा सल्ला मिळतो, कधी कधी चांगल्या हेतूनेही. पण नियम १२५ च्या शब्दांत स्वतःच्या विनंतीवरून घेतलेला डिस्चार्ज माफीतून वगळलेला आहे. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. पंधराच्या आत असताना तो अर्ज लिहून देणं म्हणजे हातातला मुद्दा आपणच सोडून देणं.

दुसरी चूक दिवस मोजण्यात होते. भरतीच्या तारखेपासून पंधरा वर्षं म्हणजे पात्र सेवा पंधरा वर्षं नव्हे. विनापरवाना गैरहजेरी, जिचा पगार मंजूर झाला नाही, ती वजा होते. रजेनंतर उशिरा परतल्याबद्दल कापलेले दिवस असे मागून अंगावर येतात.

आता बडतर्फी. इथे पेन्शन किती जवळ आली हा प्रश्नच वेगळा होतो, कारण रेषा ओलांडलेली असली तरी संरक्षण मिळत नाही. त्याच नियम ११३ चा पहिला भाग सांगतो की आर्मी ॲक्टखाली बडतर्फ झालेला जवान आधीच्या सगळ्या सेवेबद्दल पेन्शनला आणि ग्रॅच्युइटीलाही अपात्र. अठरा वर्षं झाली असोत की आठ. अपवादात्मक प्रकरणात पेन्शन मंजूर होऊ शकते, पण ती मर्जीची गोष्ट आहे, हक्काची नाही. आणि त्याच तारखेला डिस्चार्ज झाला असता तर जितकी मिळाली असती त्याहून जास्त नाही.

बडतर्फी कलम २० च्या आदेशानेच होते असं नाही. कोर्ट मार्शलही ती शिक्षा देऊ शकतं, आणि हवालदारापर्यंतच्या जवानाला सर्वांत जवळचं म्हणजे समरी कोर्ट मार्शल. तिथे सीओ एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे हजर असतात, पण निर्णयात त्यांचा वाटा नसतो. शिक्षेला वरून पुष्टी लागत नाही, ती ताबडतोब अंमलात येऊ शकते. म्हणजे सतरा वर्षांची पेन्शन सकाळी सुरू झालेल्या खटल्यात संध्याकाळपर्यंत जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विश्वप्रिय सिंग प्रकरणात बजावलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद असावा, नेहमीचा मार्ग नव्हे. अशा खटल्यात ‘गुन्हा कबूल’ म्हणण्याआधी बडतर्फी म्हणजे पेन्शनही गेली, हे जवानाला कुणीतरी सांगायला हवं.

अधिकाऱ्यांचा हिशेब वेगळा: पेन्शनची रेषा २० वर्षांची, आणि बडतर्फीनंतर पेन्शन जप्त करायची की कमी दराने द्यायची हे राष्ट्रपतींच्या नावाने ठरतं. अग्निवीरांना चार वर्षांच्या सेवेवर पेन्शनच नाही.

आता नोटीस हातात पडली तर. आधी क्रमांक बघावा, मग उत्तराची मुदत. चौकशीची प्रत लेखी मागावी आणि त्या अर्जाची पोच ठेवावी. रेकॉर्ड ऑफिसकडून, मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान असेल तर बेळगावहून, वजावटीसह पात्र सेवेचा आकडा घ्यावा. उत्तरात ‘माफ करा, पुन्हा होणार नाही’ एवढंच लिहून भागत नाही. प्रत्येक नोंदीची तारीख, कारण आणि तेव्हाची घरची अडचण, फील्ड पोस्टिंगची यादी आणि पंधरा वर्षांना उरलेले नेमके दिवस लिहावेत, सोबत १९८८ च्या परिपत्रकाचा उल्लेख करावा.

घरी पाठवताना आर्मी ॲक्टच्या कलम २३ प्रमाणे सीओने प्रमाणपत्र द्यायचं असतं: सेवा कुणी संपवली, का संपवली, एकूण सेवा किती. ते इंग्रजीसोबत जवानाच्या मातृभाषेतही असलं पाहिजे, म्हणजे साताऱ्याच्या पोराला मराठीतही. हे मागून घ्यावं, कारण पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हाच कागद विचारतात. माजी सैनिक म्हणून सरकारी नोकरीतलं आरक्षण हवं असेल तर बडतर्फी चालत नाही. गैरवर्तनाबद्दल डिस्चार्ज होऊन नुसती ग्रॅच्युइटी घेतलेलाही त्या व्याख्येत बसत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही पेन्शनशी बांधलेलं आहे.

दाद मागायची तर आधी खात्याकडे वैधानिक अर्ज, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत. अर्जावर काहीच उत्तर आलं नाही तर सहा महिने थांबून पुढच्या सहांत जाता येतं. उशिराची माफी सबळ कारण असेल तर मिळते. पेन्शनचा दावा दर महिन्याला नव्याने उभा राहणारा मानला जातो, म्हणून कमतरतेच्या माफीची मागणी वर्षांनंतरही ऐकली जाते. मात्र थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते.