पोट भरलेलंच आहे, असं धरून

सिझेरियनच्या टेबलावर भूलतज्ज्ञ विचारतात, "शेवटचं कधी खाल्लंस?" बाई म्हणते, "काल रात्री." तरीही तिचं पोट भरलेलंच आहे असं धरून ते पुढची तयारी करतात.

बाळंतपणात भूल पहिल्यांदा एडिनबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी जानेवारी १८४७ मध्ये दिली, ती ईथरची. त्याच वर्षी ते क्लोरोफॉर्मकडे वळले. धर्ममार्तंडांच्या विरोधाच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. डॉक्टरांचा विरोधही काही कमी नव्हता. १८५३ मध्ये भूल देणारे डॉक्टर जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात रुमालावर थोडं थोडं क्लोरोफॉर्म टाकून हुंगवलं, तेही पूर्ण बेशुद्ध न करता. त्यानंतर कुजबुज बरीच ओसरली.

खरा धोका नेमका कळला तो १९४६ मध्ये. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी चाळल्या. त्यात भुलेखाली पोटातलं फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना सापडल्या. दोघी दगावल्या, त्या घन अन्नाने श्वास कोंडून. मग त्यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं, की जठरातलं आम्लही फुप्फुस जाळतं. गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप सैल पडते आणि कळा सुरू झाल्या की पोट लवकर रिकामं होत नाही. म्हणून कळांमध्ये उपाशी ठेवा, आम्ल मारणारं औषध द्या, जमेल तिथे अंगाचा तेवढाच भाग बधिर करा आणि पूर्ण भूल द्यायचीच तर जाणत्या हातांनीच द्या, असं ते सांगत राहिले.

बधिर करण्याची वाट तोवर जुनी झाली होती. जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्येच मणक्यातून भूल दिली होती. सहकाऱ्याकडून स्वतःवरही करवून बघितलं आणि कित्येक दिवस डोकं धरून बसले. आजच्या बारीक सुयांनी ती डोकेदुखी बरीच कमी केली आहे. "पाठीतल्या सुईने कंबर कायमची जाते" ही समजूत मात्र घरोघरी टिकून आहे.

जाणते हात कमी, हे आपलं दुखणं. तालुक्याच्या रुग्णालयात सर्जन असतो, थिएटर असतं, पण भूलतज्ज्ञ नसतो आणि बाईला पुढे पाठवावं लागतं. म्हणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवरक्षक भूल-कौशल्यांचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण आणलं. एवढ्यात कुणी तज्ज्ञ होत नाही, हा तज्ज्ञांचा आक्षेप रास्तच आहे. पण अडलेल्या बाईपुढे पर्याय काय होता, तेही बघायला हवं.

या प्रशिक्षणात शिकण्यासारखं पुष्कळ आहे: मणक्यातली सुई, ती फसली तर पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी, तीही नाही गेली तर मास्क आणि पिशवीने श्वास देणं. आणि एक अगदी साधी गोष्ट, उजव्या कुशीखाली घडी केलेली चादर. बाई थोडी डावीकडे कलते, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवरून सरकतो आणि घसरलेलं बीपी सावरायला मदत होते.