जेटिंग मशीन घेताना आधी काय विचारावं?

जेटिंग मशीन, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने मलवाहिनी साफ करणारं यंत्र, घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती बारची?’ बार हे दाबाचं एकक, आणि हा आकडा पंपापाशी मोजलेला असतो. मलवाहिनीत काम करतं ते नोझल, म्हणजे होजच्या (लवचिक नळीच्या) टोकाचं छिद्रं असलेलं तोंड, आणि तिथवर पोहोचेपर्यंत होजच्या आतल्या घर्षणात बराच दाब संपतो. अर्धा इंची होजमधून मिनिटाला ६० लिटर पाणी नेलं, तर १०० मीटरमागे साधारण ४० ते ४५ बार जातात. पाणी दुप्पट केलं की ही घट जवळपास चौपट, म्हणजे १५० बारच्या पंपाला ते झेपणारच नाही. पाऊण इंची होज घेतला, तर तेवढ्याच पाण्यासाठी घट सुमारे सातव्या हिश्श्यावर येते. रिळावर गुंडाळून राहिलेला होजही दाब खातोच, म्हणून गरजेपेक्षा लांब होज घेऊ नये.

दाब गाळ सुटा करतो, पण वाहून नेतं ते पाणी. सोसायटीच्या १५० मिलिमीटरच्या लाइनला १०० ते १५० बार आणि मिनिटाला ४० ते ६० लिटर पाणी सहसा पुरतं. तेच मशीन रस्त्याखालच्या ३०० मिलिमीटरच्या लाइनला लावलं, तर वाळू चार हात सरकून पुन्हा बसते. तिथे २०० लिटरच्या आसपास पाणी हवं. त्यामुळे आधी पाइपचा व्यास, मग पाणी, मग होज आणि शेवटी पंप, याच क्रमाने ठरवावं.

नोझलची मागची छिद्रं त्याला पुढे ढकलतात. १५० बारला मिनिटाला २०० लिटर पाणी सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने बाहेर पडतं आणि ५० ते ५५ किलो वजनाइतका रेटा देतं. छिद्रं होजच्या रेषेशी १५ अंशांच्या आसपास असली, तर ओढ जास्त आणि वाळू मागे येते. ३० ते ४५ अंशांची धार भिंतीवर आपटते, म्हणून हॉटेलांमागच्या तेलकट थराला ती बरी. लाइन पूर्ण चोकअप असेल, तर पुढे छिद्र असलेलं नोझल लावावं. मात्र पुढची धार रेटा कमी करते. पाइपात शिरलेली झाडांची मुळं कापणारी, नोझलला लावायची साखळी जुन्या चिनीमातीच्या पाइपात घालू नये. सांधे निखळतात.

काम खालच्या मॅनहोलवरून करावं. नोझल प्रवाहाविरुद्ध वर पाठवायचं आणि पाणी चालू ठेवून हळूहळू मागे ओढायचं. गाळ जड असेल, तर दर १०–१५ मीटरला मागे यावं. एकदम शेवटपर्यंत गेलं, तर मागे साचलेल्या गाळात नोझल अडकतं. गाळ त्याच मॅनहोलमधून सक्शनने उचलत राहावा, नाहीतर तो पुढच्या लाइनमध्ये बसतो.

दाब कमी वाटला की पंपाला दोष दिला जातो. पुष्कळदा झिजलेलं असतं ते नोझल. छिद्रांचा व्यास १० टक्क्यांनी वाढला, तर तेवढ्याच पाण्याला दाब जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. टाकीतलं गढूळ पाणी ही झीज वाढवतं. गाळणी रोज धुवावी आणि योग्य मापाच्या ड्रिल बिटचा दांडा घालून छिद्रं तपासावीत.

नोझल पाइपात शिरल्याखेरीज दाब देऊ नये. नोझल आणि त्यामागची ताठ नळी मिळून लांबी पाइपच्या व्यासाच्या दीडपट तरी हवी, नाहीतर ते आतल्या आत वळून मॅनहोलमधून माणसाच्या अंगावर येतं. गाळ ढवळताच त्यातला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, आणि प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं नसतं. नोझल अडकलं, तर वरच्या मॅनहोलवरून दुसरा होज सोडून ते सोडवावं. माणूस आत उतरवायचा नाही.