गच्चीचा लेप: एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर

मे महिन्यात रंगाच्या दुकानात गच्चीची गळती थांबवणाऱ्या वॉटरप्रूफिंग लेपाबद्दल हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे 'एका बादलीत किती स्क्वेअर फूट होतात?' मीही तोच विचारला होता. कारागिराने दोन बादल्यांत पाणी घालून सगळी गच्ची उरकली. श्रावणात लेपाला पोपडे आले. एक सोलून पाहिला, तर कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ! आधी विचारायला हवं होतं, थर किती जाड बसणार?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर द्रव सारखा पसरला की त्याची जाडी बरोबर एक मिलिमीटर भरते. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, तोही असाच. लेपातलं पाणी मात्र उडून जातं आणि मागे फक्त घन भाग राहतो. आकारमानाने तो निम्मा असेल, तर एक मिलिमीटर ओल्या थराचा वाळून अर्धा मिलिमीटर होतो. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते, त्याहूनही कमी.

आता 20 बाय 30 फुटांची गच्ची घ्या. जमीन 600 चौरस फूट. लेप कठड्यावर फूटभर चढवायचा, म्हणजे आणखी 100. एकूण 700 चौरस फूट, म्हणजे 65 चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर सुका थर हवा तर 65 लिटर माल लागेल. खडबडीत कोबा जास्त माल पितो, म्हणून दहा टक्के वाढवून 72 लिटर धरा. 20 लिटरच्या चार बादल्या आल्या. वरून घातलेल्या पाण्याने लेप लांबवर पसरतो, पण घन भाग वाढत नाही. स्लॅबची भेग उन्हाथंडीने उघडते-मिटते, तेव्हा पातळ थर तिच्यावरच फाटतो. बादलीवर लिटर आहेत की किलो, तेही वाचा. लिटरला 1.3 किलो वजनाचा लेप 20 किलोच्या बादलीत जेमतेम 15 लिटर भरतो.

निवड गच्ची पाहून करावी. पाणी साचून राहत असेल तर साधा अॅक्रिलिक लेप मऊ पडून सुटतो. आधी उतार नीट करावा, नाहीतर साचलेलं पाणी सोसणारा पॉलियुरेथेनचा लेप घ्यावा. विदर्भात उन्हाची काळजी मोठी. तिथे पांढरा लेप हवाच, कारण उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते आणि चांगला पांढरा लेप त्यातलीही बरीच परतवतो. धूळ बसली की हा गुण घटतो, म्हणून गच्ची धुवावी. चुन्यानेही ऊन परततं, पण गळती थांबत नाही.

यंदा मी खडूने गच्चीचे चार सारखे चौकोन आखले. दोन हात मारायचे, दर हाताला प्रत्येक चौकोनात, त्याच्या कठड्यासकट, मोजून 9 लिटर. चौकोन संपला आणि माल उरला, की थर पातळ बसलाय हे तिथेच कळायचं. मग रोलर पुन्हा त्याच चौकोनात फिरायचा.