उंदराच्या कानातले शेंदरी ठिपके

पावसाळा सरत आला की गौताळ्याच्या सागवानी जंगलात पिंजऱ्यात सापडलेल्या एखाद्या रानउंदराचा कान उलटून पाहावा. आतल्या कातडीवर शेंदराचे बारीक ठिपके दाटीनं चिकटलेले दिसू शकतात. ही चिगर माइटची पिल्लं, शेतकऱ्याला माहीत असलेल्या लाल कोळ्याच्या गोत्रातली. उंदीर अंग सतत चाटतो, दातांनी विंचरतो, पण कानापर्यंत दात पोचत नाहीत. पोट भरलं की काही दिवसांत ती गळून पडतात आणि पुढचं आयुष्य मातीतच काढतात. म्हणून उंदीर कोणत्या ओलसर गवतातून हिंडला, यावर त्यांची संख्या ठरते. माणसाला स्क्रब टायफस हा ताप देतात ती हीच पिल्लं.

पिसवांचा सगळा हिशोब बिळात होतो. त्यांची अंडी उंदराच्या अंगावरून बिळात पडतात. अळ्या तिथलाच केरकचरा आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं वाळलेलं रक्त खाऊन वाढतात. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर असतो. उघड्यावरची अळी तेव्हा सुकून मरते, पण बिळात हात-दोन हात खाली गारवा आणि ओल टिकून असते. जुन्या, राबत्या बिळात पिसवांची पिढीमागून पिढी निघते. बीळ बदलणारा उंदीर त्यातली बरीचशी मागे सोडून जातो.

तरीही एकाच जंगलातल्या उंदरांवर हा भार सारखा नसतो, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ढोबळमानानं 20 टक्के प्राण्यांच्या अंगावर 80 टक्के परजीवी सापडतात. नुसती सरासरी काढली की नेमके तेच उंदीर नजरेतून सुटतात. पुष्कळदा ते मोठे, वयात आलेले नर असतात. ते लांबवर भटकतात, दुसऱ्यांच्या बिळात शिरतात, आणि विणीच्या काळात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन त्यांची प्रतिकारशक्ती कमी करतं. दरवेळी असंच घडतं असं नाही. काही जातींत हा फरक जेमतेम दिसतो.

उंदीर वाढले की त्यांची एकमेकांशी गाठही जास्त पडते. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य तसंच राहिलं, त्यावर उंदीर माजले, असं कारण पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यात आलेल्या प्लेगसाठी नंतर सांगितलं गेलं. भारतात रानात प्लेगचा जंतू जपून ठेवणारा प्राणी म्हणजे जर्बिल, शेपटीच्या टोकाला झुपका असलेला माळावरचा उंदीर. गावाच्या कडेला त्याच्या पिसवा घरच्या उंदरांवर जाऊ शकतात. प्लेगनं उंदीर मेला की अंग थंड पडू लागतं आणि पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून आधी तक्रार आली ती पिसवांची. गाठींचा ताप त्यानंतर आला.